कान आणि तोल : उशिरा पाऊल टाकणारी मुले

अंतर्कर्णात शंखासारखा वेढे घेतलेला भाग ऐकण्याचे काम करतो आणि त्याला लागूनच असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन इवल्या पिशव्या तोल सांभाळतात. डोके वळले की नलिकांतला द्रव क्षणभर मागे राहतो, केशपेशींवरचे केस वाकतात आणि मेंदूला वळण कळते. पिशव्यांतले कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक वर कुठे, खाली कुठे हे सांगतात. दोन्ही भागांत द्रव एकच खेळतो. त्यामुळे गर्भावस्थेत अंतर्कर्णाची घडण बिघडली, तर अनेकदा बहिरेपणाबरोबर तोलही जातो.

ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1882 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 519 मूकबधिरांची पाहणी केली. गरगर फिरवूनही त्यांपैकी 186 जणांना चक्कर मुळीच आली नाही, म्हणजे कानाकडून वळणाची खबरच मेंदूला जात नव्हती.

बाळ साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते, सहा ते आठ महिन्यांत बसते, वर्ष-सव्वा वर्षात चालू लागते. दोन्ही कानांतला तोल नसलेले मूल प्रत्येक टप्प्यावर मागे पडते. दीड वर्ष उलटून गेल्यावर पहिले पाऊल टाकणारी मुलेही असतात. घरच्यांना पाय अशक्त वाटतात, मालीश वाढते. काही वेळा तर मुलाला मतिमंद ठरवले जाते, आणि हा मोठाच अन्याय आहे. पाय धड असतात, बुद्धीही शाबूत असते. फक्त शरीर कुठे कलले, याची खबर कानाकडून येत नाही.

पुढे डोळे आणि तळपाय ही उणीव बरीचशी भरून काढतात. मूल धावते, खेळते आणि दोष झाकला जातो. तिन्हीसांजेला चिऱ्यांची पाखाडी उतरताना किंवा भाट्याच्या किनाऱ्यावरच्या भुसभुशीत वाळूत तो उघडा पडतो. खरा धोका पाण्यात. गढूळ पाण्याखाली दिसत नाही, पायाखाली जमीन नसते, आणि वरची दिशाच हरवते. पोहता येणारे मूलही अशा वेळी खोल जाऊ शकते.

तपासणीची सुरुवात साधी असते : चार-पाच वर्षांचे मूल डोळे मिटून एका पायावर किती वेळ उभे राहते, ते पाहायचे. खुर्ची फिरवून डोळ्यांची हालचाल मोजणे ही पुढची पायरी. गेलेल्या केशपेशी परत येत नाहीत, पण मेंदू शिकतो; म्हणून तोलाचे व्यायाम लहानपणीच सुरू झालेले बरे. अंतर्कर्णात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटने ऐकू येते, तोल मात्र आपोआप येत नाही. काही वेळा या शस्त्रक्रियेने उरलेला तोलही कमी होतो, त्यामुळे ही तपासणी आधीच हवी.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांचे ऐकणे आणि हालचालींचा विकास दोन्ही तपासले जातात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा आणि श्रवणदोषांसाठी आहे. ऐकू न येणारे मूल उशिरा चालत असेल, तर पालकांनी दोन्ही तक्रारी एकाच वेळी डॉक्टरांपुढे मांडाव्यात. आणि समुद्रावर त्याचा हात सोडू नये.