काखेत कळसा

सात-बाराचा उतारा पडद्यावर दिसतो, छपाईयंत्र शेजारीच जोडलेले असते, आणि कागद काही बाहेर येत नाही. बुलढाणा, खामगाव किंवा मेहकर येथील दुकानात शेतकरी एसटीच्या वेळेकडे डोळे लावून उभा राहतो. दुकानदार सांगतो, ‘लिनक्सवर प्रिंटर चालत नाही.’ हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो.

वस्तुतः येथे दोन प्रश्न आहेत. यंत्र संगणकास दिसते काय, हा पहिला. त्याची भाषा संगणकास येते काय, हा दुसरा. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. यूएसबीने जोडलेल्या उपकरणांच्या यादीत प्रिंटर नसेल, तर दोष तारेत, खोबणीत किंवा बटणात शोधावा. असेल, तर पहिला प्रश्न सुटला.

पुढचे काम १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कप्स’ या व्यवस्थेचे. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ उघडून, परवलीचा शब्द देऊन प्रिंटर नोंदवावा. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे दुभाष्या, निवडावा आणि चाचणीचे पान छापावे.

हा दुभाष्या सर्वांस खुला असावा काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका लेसर प्रिंटरची मूळ आज्ञावली मिळू शकली नाही. १९८३ साली त्यांनी आरंभलेल्या मुक्त आज्ञावलीच्या चळवळीमागे तो अनुभव होता. लिनक्स त्याच परंपरेत वाढले.

तेव्हा यंत्र मोडीत काढण्यापूर्वी अडले कोठे, हे आपण पाहावे. शेतकऱ्याचा एक हेलपाटा वाचेल, हे काय थोडे?