मिशीच्या पलीकडचं आकाश

एक छोटीशी टेस्ट घेऊ या. डोळे मिटा आणि मनात म्हणा, 'एअरफोर्सचा पायलट'. काय दिसलं? काळा गॉगल, काखेत हेल्मेट, मागे फायटर विमान आणि २०१९ नंतर तर ती मिशीसुद्धा. बरोबर ना? २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचं मिग-२१ पडलं, ते पाकिस्तानच्या हाती लागले आणि १ मार्चच्या रात्री वाघा बॉर्डरवरून चालत परत आले. पुढचे काही आठवडे सलूनमध्ये 'अभिनंदन स्टाइल' मागणाऱ्यांची रांग होती. त्यांना वीरचक्र मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

आता दुसरा प्रश्न. त्याच दिवशी, त्याच सकाळी, त्याच काश्मीरच्या आकाशात असलेले स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे कोण?

हा प्रश्न मी हिंजवडीतल्या एका मैत्रिणीच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टाकून पाहिला. पहिलं नाव सगळ्यांना तोंडपाठ. दुसऱ्या नावावर शांतता. मग एकजण म्हणाली, "नाशिकचे होते ना ते? हेलिकॉप्टर क्रॅश झालं होतं बहुतेक."

नाशिकचे होते, हे खरं. पण ते हेलिकॉप्टर नुसतं क्रॅश झालं नव्हतं. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडलं होतं.

या 'बहुतेक'चा छडा लावायचा म्हणून मी एका माणसाला गाठलं. एअरफोर्समध्ये आयुष्यभर हेलिकॉप्टर उडवलं, विंग कमांडर म्हणून रिटायर झाले आणि आता इंदापूर तालुक्यात ऊस आणि पेरू बघतात. बोलायला तयार झाले, पण दोन अटींवर. एक, नाव छापायचं नाही. दोन, भेटायचं तर भिगवणला, पहाटे, होडीत. मी 'सर' म्हटलं तर म्हणाले, "सर नको गं, काका म्हण. सर म्हटलं की मला सॅल्यूट करावासा वाटतो."

कैकर की भोवत्या?

भिगवण आता आपल्या सगळ्यांना माहीत आहे, ते फ्लेमिंगोंमुळे आणि फिश थाळीमुळे. पुण्याहून सोलापूर हायवेने दीड-दोन तास, उजनीच्या बॅकवॉटरमध्ये कुंभारगाव किंवा डिकसळ गाठायचं आणि होडीत बसायचं. लांब लेन्सवाले पुणेकर तिथे शनिवार-रविवारी पोत्याने सापडतात. काकांकडे मात्र एक जुनी दुर्बीण आणि भरपूर सवड.

पाण्यावर शेकडो बदकं होती. अचानक वरून एक मोठा पक्षी आला आणि मी कॅमेरा उचलला. बदकं ढिम्म हलली नाहीत. पाचच मिनिटांनी तसाच एक दुसरा आला (माझ्या मते अगदी तस्साच) आणि अख्खं पाणी फडफडून उठलं.

"पहिला कैकर. तुमचा ऑस्प्रे. तो मासे खातो, बदकांना त्याचं काही नाही," काका म्हणाले. "दुसरा भोवत्या, म्हणजे हॅरियर. तो बदक उचलतो. पंख कसे धरलेत, शेपूट केवढी, उडतो कसा, एवढ्यावरून बदकांना कळतं. आम्हाला हेच शिकवायचे. फक्त पक्ष्यांच्या जागी विमानं."

गंमत म्हणजे ऑस्प्रे आणि हॅरियर ही दोन्ही विमानांचीही नावं आहेत. आपल्या नौदलाची सी हॅरियर २०१६ पर्यंत गोव्याहून उडत होती. तेवढ्यात बारामतीच्या बाजूने एक शिकाऊ विमान घरघरत आलं. काकांनी वर न बघता सांगितलं, "सेस्ना."

लाल डबा

पायलट व्हायला गेलेल्या प्रत्येक पोराला फायटरच हवं असतं. सुरुवातीचं ट्रेनिंग झालं की वाटणी होते: फायटर, ट्रान्स्पोर्ट, हेलिकॉप्टर. काकांच्या भाषेत, इंजिनीअरिंगच्या अ‍ॅडमिशनसारखं. कॉम्प्युटर मिळालं की पेढे, दुसरं काही मिळालं की घरात सुतक. त्यांना हेलिकॉप्टर मिळालं तेव्हा त्यांनी दोन दिवस घरी फोनच केला नव्हता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, एसटी चालवायला लागलो! फायटर म्हणजे रेसची बाइक. आमचं एमआय-१७ म्हणजे लाल डबा. रस्ता असो-नसो, गाव आलं की थांबायचं. रेशन उतरवायचं, पेशंट भरायचा, कोणाची तरी बकरीपण येते कधी कधी. एसटीच्या ड्रायव्हरचा ऑटोग्राफ कोणी घेतं का?"

बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण मुद्दा पक्का होता. सियाचिनवर १९८४ च्या एप्रिलमध्ये आपलं सैन्य गेलं, ते तेव्हापासून हेलिकॉप्टरच्या जिवावर तिथे टिकून आहे. चीतासारखी छोटी हेलिकॉप्टरं विरळ हवेत, इंजिन धापा टाकत असताना, चौकीवर रॉकेल आणि औषधं पोचवतात. २०१३ च्या जूनमध्ये उत्तराखंडात प्रलय आला तेव्हा अडकलेल्या यात्रेकरूंना काढायला एमआय-१७ गेली. त्यातलं एक २५ जूनला गौरीकुंडजवळ कोसळलं आणि वीस जवान गेले. त्यातल्या एकाचं तरी नाव आठवतंय? मलाही आठवलं नाही, शोधावं लागलं.

विमानाचं 'काम' आणि विमानाचा 'रुबाब' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काकांचं म्हणणं मला पटलं. रुबाबाचे पोस्टर होतात. कामाची फक्त लॉगबुकात नोंद होते.

आकाशातला ट्रॅफिक हवालदार

लोहगाववरून फ्लाइट पकडणाऱ्यांनी एकदा तरी वैतागून म्हटलं असेल, "ही एअरफोर्सची विमानं कशाला मध्ये मध्ये?" अहो, रनवे त्यांचाच आहे. पाहुणे आपण आहोत. २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झालं तेही लोहगावलाच.

तुमची मुंबई-दिल्ली फ्लाइट असो की एखाद्या उद्योगपतीचं खासगी जेट, उडण्याआधी हवाई संरक्षणाकडून एक क्लिअरन्स नंबर घ्यावा लागतो. रडारवर ठिपका दिसला आणि तो कोणत्याच प्लॅनशी जुळला नाही, तर विचारणा सुरू होते. उत्तर नाही आलं, तर तयारीत उभी असलेली फायटर काही मिनिटांत वर जातात.

आता सिनेमात पुढे काय होतं ते सोडून द्या. प्रत्यक्षात फायटर त्या विमानाच्या पुढे, थोडं डावीकडे येतं आणि पंख डोलावतं. अर्थ : तुला अडवलंय, माझ्यामागे ये. समोरच्याने पंख डोलावून 'बरं' म्हणायचं. शिट्टी आणि 'गाडी बाजूला घ्या', एवढंच. जगभर हीच खूण आहे.

डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियात शस्त्रं टाकून गेलेलं विमान काही दिवसांनी पुन्हा भारताच्या आकाशात आलं, तेव्हा त्याला असंच मुंबईत उतरवलं गेलं. (उतरल्यावर त्यातला मुख्य माणूस विमानतळावरून पसार झाला, तो भाग हवाई दलाच्या हातातला नव्हता!) १० मे २०१९ ला कराचीहून निघालेलं एक जॉर्जियन मालवाहू अँतोनोव्ह ठरलेला मार्ग सोडून उत्तर गुजरातेतून आत शिरलं. सुखोईंनी ते जयपूरला उतरवलं. चौकशी झाली, चूक निघाली, जाऊ दिलं. एकही गोळी नाही.

"हेच खरं पोलिसिंग," काका म्हणाले. "चांगला हवालदार आधी नाव विचारतो. काठी नंतर. आणि हे सगळं गाजत नाही, कारण काही घडतच नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी कशी करणार तू?"

मग नाव विचारायची सिस्टीमच बिघडली तर?

आकाशात नाव विचारणाऱ्या यंत्राला आयएफएफ म्हणतात. तुमच्या सोसायटीच्या गेटसारखं समजा. वॉचमन तुमचा चेहरा बघत नाही, अ‍ॅपवरचा कोड बघतो. खालून कोडमध्ये प्रश्न जातो, विमानातलं यंत्र कोडमध्ये उत्तर देतं. जुळलं की आपला माणूस. पण इथे काकांनी होडीच्या काठावर बोट आपटून एक गोष्ट सांगितली आणि मला ती दोनदा लिहून घ्यायला लावली : हे यंत्र मित्र ओळखतं, शत्रू ओळखत नाही. उत्तर आलं नाही, याचा अर्थ एवढाच की उत्तर आलं नाही. यंत्र बंद असेल, बिघडलं असेल, कोड चुकला असेल.

अमेरिकेने हे फार महाग किंमत देऊन शिकलंय. १४ एप्रिल १९९४, उत्तर इराक. नो-फ्लाय झोनवर पहारा देणाऱ्या दोन अमेरिकन एफ-१५ ना खाली दोन हेलिकॉप्टरं दिसली. कोड जुळेना, कारण हेलिकॉप्टरवाल्यांना त्या भागाचा बदललेला कोड माहीत नव्हता. पायलट जवळून बघायलाही गेले आणि अमेरिकन ब्लॅक हॉकला त्यांनी रशियन हिंद समजलं. दोन्ही पाडली. सव्वीस माणसं गेली. वर अवॅक्स विमान हे सगळं बघत होतं.

आपल्याकडे १९७१ मध्ये कमांडर मोहन सामंत यांच्या नेतृत्वाखाली आपल्या आणि मुक्तिवाहिनीच्या गनबोटी खुलन्याकडे निघाल्या होत्या. वरून ओळखता याव्यात म्हणून त्यांचा वरचा भाग पिवळा रंगवला होता. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि पद्मा आणि पलाश या दोन बोटी गेल्या. सामंत यांना पुढे महावीरचक्र मिळालं.

आणि मग बडगाम. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानं चालून आलेली, खालचा प्रत्येक माणूस ताणलेला. श्रीनगरहून उडालेलं एमआय-१७ व्ही-५ परत बोलावलं गेलं. सावकाश, खालून, तळाच्या दिशेने येणारा ठिपका. ते शत्रूचं ड्रोन वाटलं असं बातम्यांत आलं. हेलिकॉप्टरचं आयएफएफ बंद होतं आणि कंट्रोल टॉवर आणि हवाई संरक्षणवाले यांच्यात ताळमेळ नव्हता, हेही पुढे बाहेर आलं. स्पायडर क्षेपणास्त्र सुटलं. चंडीगडचे सिद्धार्थ वशिष्ठ, नाशिकचे निनाद मांडवगणे, वाराणसीचे विशाल पांडे, झज्जरचे विक्रांत सेहरावत, कानपूरचे दीपक पांडे, मथुरेचे पंकज कुमार. आणि जमिनीवर असलेला एक स्थानिक तरुण.

इथे काका बराच वेळ गप्प होते. होडीवाल्यानेही वल्हं मारायचं थांबवलं.

"चिडलात?" मी विचारलं.

"बटण दाबणाऱ्यावर नाही. त्याच्याकडे काही सेकंद होते. रागावलो ते सात महिन्यांवर."

सात महिने, कारण चूक आपली होती हे हवाई दलाने जाहीरपणे मान्य केलं ते ४ ऑक्टोबर २०१९ ला. नवे हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी ती मोठी चूक होती असं सांगितलं. २०२३ मध्ये कोर्ट मार्शलने त्या वेळच्या एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फ करण्याची शिफारस केली, तिला कोर्टात आव्हानही दिलं गेलं. मधल्या काळात त्या सहा घरांत 'क्रॅश' हा एकच शब्द होता. काकांचं म्हणणं असं की सैन्याने चूक मान्य केली याचा त्यांना अभिमान आहे, जगात फार सैन्यं ते करत नाहीत. पण घरच्यांना पेपरच्या आधी कळायला हवं होतं. आणि मला वाटतं, यावर दुसरी बाजू मांडण्यासारखं काही नाही.

मांडवगणे यांच्या पत्नी त्या दिवसांत नाशिकमध्ये जे बोलल्या ते मी पुन्हा शोधून ऐकलं. अख्खा देश फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर युद्ध खेळत असताना त्यांनी सांगितलं होतं की आम्हाला युद्ध नकोय, आणि ज्यांना एवढा जोश आहे त्यांनी सोशल मीडियावर नाही, सीमेवर जावं. त्या वेळी मीही कुठला तरी फोटो फॉरवर्ड करण्यात गुंतलेल्या पिढीतलीच होते, त्यामुळे ते ऐकताना जरा टोचलं.

२०२० च्या प्रजासत्ताक दिनी वशिष्ठ आणि मांडवगणे या दोघा पायलटना मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झालं. बाकी चौघांचा गौरवपूर्ण उल्लेख झाला. मी काकांना विचारलं, पुरेसं आहे? ते म्हणाले, पदक छोटं-मोठं नसतं, पण पदकाच्या शेजारी काय घडलं ते खरं लिहिलेलं असावं. त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर मिन्टी अगरवाल जमिनीवर रडारसमोर बसून आपल्या फायटरना दिशा देत होत्या. त्यांना युद्ध सेवा पदक मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. खुर्चीत बसून केलेल्या कामालाही पदक मिळालं, याचा काकांना अभिनंदनच्या वीरचक्राइतकाच आनंद झाला होता.

किनाऱ्याला लागलो तर तीन पोरं त्यांचीच वाट बघत उभी. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या गावांत रात्री ड्रोन फिरतात म्हणून केवढी घबराट पसरली होती, आठवतंय? चोर टेहळणी करतात म्हणे. तेव्हापासून आकाशात दिवा हलला की गावातली पोरं व्हिडिओ काढून काकांकडे आणतात. आजही एक होता. काकांनी तो तीनदा बघितला.

"लाल दिवा विमानाच्या डाव्या पंखाला असतो, हिरवा उजव्या. तुला लाल कुठल्या हाताला दिसतोय?"

"उजव्या."

"मग ते तुझ्याकडे येतंय. प्रवासी विमान आहे, हैदराबादला चाललं असेल."

"आणि ड्रोनच असला तर, काका?"

"तर एकशे बाराला फोन लाव. गोफण घरी ठेव."