‘इनुयाशा’चा शेवट आणि साडेपाच वर्षांची प्रतीक्षा

१३ सप्टेंबर २००४ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर ‘इनुयाशा’ या ॲनिमे मालिकेचा १६७ वा भाग प्रसारित झाला आणि मालिका थांबली. खलनायक नाराकू मोकळाच होता. फुटलेल्या मण्याचे तुकडे अद्याप एकत्र आले नव्हते. नायक आणि नायिका यांच्या मनातली गोष्टही मनातच राहिली होती. जवळजवळ चार वर्षे मालिका पाहणाऱ्यांना निरोपाच्या वेळी इतकेच दिसले, की सारी मंडळी नाराकूच्या शोधात पुन्हा वाटेला लागली आहेत.

या कथेचा खरा शेवट पडद्यावर आला तो मार्च २०१० च्या अखेरीस, म्हणजे सुमारे साडेपाच वर्षांनी. पुढे २०२० मध्ये तीच कथा पुढच्या पिढीला घेऊन पुन्हा सुरू झाली. अपूर्ण निरोप, पूर्ण शेवट आणि पुन्हा उघडलेली कथा, या तिन्ही प्रसंगी चाहत्यांनी दिलेला प्रतिसाद वेगवेगळा होता. अद्भुत प्रेमकथेच्या अंतिम भागाकडून प्रेक्षक नेमके काय मागतात, हे समजून घेण्यासाठी इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

विहिरीपलीकडचे जग

‘इनुयाशा’ ही मूळची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. रुमिको ताकाहाशी या विख्यात चित्रकथाकर्तीने ती नोव्हेंबर १९९६ ते जून २००८ या काळात ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात लिहिली आणि रेखाटली. ग्रंथरूपात तिचे ५६ खंड झाले. तिच्यावर आधारित मालिका सनराइज या संस्थेने निर्माण केली आणि ऑक्टोबर २००० मध्ये तिचे प्रसारण सुरू झाले.

टोकियोत राहणारी कागोमे ही शाळकरी मुलगी पंधराव्या वाढदिवशी घराच्या आवारातील कोरड्या विहिरीत ओढली जाते आणि पाच शतके मागे, जपानमधील यादवी युद्धांच्या काळात जाऊन पोहोचते. तिथे एका झाडाला बाणाने खिळलेला इनुयाशा तिला भेटतो. त्याची आई मानव आणि वडील योकाई, म्हणजे मायावी योनीतले. पन्नास वर्षांपूर्वी किक्यो या पुजारिणीने त्याला तिथे खिळून ठेवलेले असते. त्या दोघांचे एकमेकांवर प्रेम होते आणि नाराकूच्या कपटामुळे ते एकमेकांचे वैरी झाले, हे रहस्य पुढे उलगडते. कागोमे ही त्याच किक्योचा पुनर्जन्म. तिच्याच बाणाने शिकोन मणी फुटतो आणि त्याचे तुकडे शोधण्याचा प्रवास सुरू होतो.

या कथेतील अद्भुत आणि प्रेम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. विहीर उघडी आहे तोवरच दोघांची भेट शक्य आहे, आणि विहीर किती काळ उघडी राहील हे कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे नाराकूचा पराभव झाला तरी प्रेक्षकांची धाकधूक संपणार नव्हती. कार्य सिद्धीस गेल्यावर कागोमेला परत जावे लागणार का, हा प्रश्न पहिल्या भागापासूनच कथेत दडलेला होता.

जपानी कथापरंपरा जाणणाऱ्यांना तर वियोगाचीच भीती अधिक होती. बांबूत सापडलेली राजकन्या अखेर चंद्रलोकी परतते, ही तेथील अतिप्राचीन कथा. ‘एस्काफ्लोने’ या १९९६ च्या गाजलेल्या ॲनिमे मालिकेतही दुसऱ्या जगात गेलेली नायिका शेवटी पृथ्वीवर परत येते. स्वतः ताकाहाशी यांच्या ‘उरुसेई यात्सुरा’ आणि ‘रान्मा १/२’ या दोन लोकप्रिय चित्रकथांनी तरुण जोडप्याचा निकाल लावण्याचे टाळले होते. ‘रान्मा’च्या अखेरीस तर विवाहसोहळाच उधळला जातो. ‘इनुयाशा’चे चाहते शेवटाविषयी साशंक होते, ते अशा अनुभवांमुळे.

अपूर्ण निरोप

२००४ साली मालिका थांबली त्यामागचे कारण चाहत्यांना कळत होते. दर आठवड्याला एक भाग दाखवणारी मालिका मूळ चित्रकथेच्या अगदी जवळ येऊन ठेपली होती आणि चित्रकथा अजून संपलेली नव्हती. अशा वेळी मालिकेने स्वतःचा वेगळा शेवट रचायचा किंवा थांबायचे, असे दोनच मार्ग उरतात. ‘इनुयाशा’ थांबली.

कारण कळले म्हणून रुखरुख कमी झाली नाही. डिसेंबर २००४ मध्ये चौथा चित्रपट आला, पण तो स्वतंत्र साहसाचा असल्याने मुख्य कथा तसूभरही पुढे सरकली नाही. ज्यांना शक्य होते ते चित्रकथेकडे वळले. इतरांनी रिकामी जागा स्वतःच भरली. कागोमे कायमची राहते, कागोमे परत जाते, किक्यो वाचते, असे नाना शेवट चाहत्यांनी कथांतून आणि चित्रांतून रचले. जपानमध्ये अशा हौशी निर्मितीची जुनी परंपरा आहे. चाहत्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांचा ‘कॉमिकेट’ हा मेळावा टोकियोत १९७५ पासून भरत आला आहे. अमेरिकेत ‘इनुयाशा’ २००२ पासून इंग्रजीत दाखवली जाऊ लागली होती, आणि तिथल्या तरुण चाहत्यांनीही या कथेवर उदंड लेखन केले.

पंधराव्या वर्षी कागोमेबरोबर विहिरीत उतरलेला प्रेक्षक अंतिम भागापर्यंत पंचविशीच्या उंबरठ्यावर आला होता. त्याची शाळा संपली होती, शिक्षण झाले होते, कदाचित नोकरीही लागली होती. कथेतली मुलगी मात्र त्याच वाटेवर, त्याच वयात थांबलेली होती.

शेवट आला तेव्हा

जून २००८ मध्ये चित्रकथा पूर्ण झाली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ‘इनुयाशा: अंतिम पर्व’ हे २६ भागांचे पर्व सुरू झाले. इनुयाशाला कप्पेई यामागुची आणि कागोमेला सात्सुकी युकिनो यांचाच आवाज होता. जुने दिग्दर्शक यासुनाओ आओकी हेही परतले होते. जपानमधील प्रसारणानंतर लगोलग इंग्रजी उपशीर्षकांसह हे भाग अमेरिकेतील प्रेक्षकांनाही इंटरनेटवर पाहता येऊ लागले. त्यामुळे दोन्ही देशांतील चाहत्यांना या वेळी शेवटाकडे जवळजवळ बरोबरीने जाता आले.

अंतिम भागात नाराकूचा नाश होतो, पण मणी कागोमेला आपल्या अंधारात ओढून घेतो. तिने स्वतःपुरती काही इच्छा केली, तर मण्यातला संघर्ष अनंतकाळ चालू राहणार असतो. एकटी पडलेली कागोमे मोहाला बळी न पडता इनुयाशाची वाट पाहते. तो आल्यावर ती एकच इच्छा व्यक्त करते: मणी कायमचा नाहीसा व्हावा. मणी जातो, कागोमे आपल्या घरी पोहोचते आणि विहीर बंद होते.

त्यानंतर तीन वर्षे उलटतात. कागोमे शाळेचे शिक्षण पूर्ण करते. एके दिवशी विहिरीच्या तळाशी तिला आकाश दिसते. आई तिच्याजवळ येऊन उभी राहते, काय घडणार हे ओळखते आणि लेकीला निरोप देते. पलीकडे इनुयाशा हात पुढे करून उभा असतो.

चाहत्यांना या शेवटातील भावलेली गोष्ट म्हणजे ही तीन वर्षे. मणी नष्ट झाल्याबरोबर दोघांचे मीलन झाले असते, तर विहिरीच्या भीतीला काही अर्थच उरला नसता. दुराव्याची जी किंमत कथेने पहिल्यापासून सांगितली होती, ती दोघांनी मोजली आणि मगच त्यांची भेट झाली. स्वतः साडेपाच वर्षे थांबलेल्या प्रेक्षकांना या प्रतीक्षेची ओळख वेगळी करून द्यावी लागली नाही.

समाधानाबरोबर तक्रारीही आल्या. पहिल्या मालिकेने चित्रकथेच्या सुमारे पस्तीस खंडांसाठी १६७ भाग घेतले होते. उरलेले वीसेक खंड २६ भागांत बसवण्यात आले. त्यामुळे काही प्रसंग गाळले गेले आणि काहींना श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नाही. किक्योचा अंत आठव्याच भागात येतो. तिच्या चाहत्यांना तिचा निरोप उत्कट वाटला, पण फार लवकर उरकलाही. पुढे इंग्रजी आवृत्तीत कागोमेचा आवाज बदलला, तेव्हा जुन्या श्रोत्यांना तो परका वाटला. अशा तक्रारींचे मूळ सवयीत असते. ज्या कथेला आपण वर्षे दिली, तिने निरोपाच्या वेळी घाई करू नये, ही साधी अपेक्षा त्यामागे असते.

कागोमेच्या निर्णयावरून मतभेद

सर्वाधिक चर्चा झाली ती कागोमेच्या निर्णयाची. अठराव्या वर्षी आई, आजोबा, धाकटा भाऊ, मैत्रिणी आणि आधुनिक आयुष्य मागे ठेवून ती पाचशे वर्षे आधीच्या खेड्यात राहायला जाते. काहींच्या मते हा त्याग एकतर्फी आहे. प्रेमाची किंमत पुन्हा मुलीनेच का मोजावी, असा त्यांचा प्रश्न होता. इतरांनी असे दाखवून दिले, की या वेळी तिला कोणी ओढून नेलेले नाही. पहिल्या भागात ती विहिरीत खेचली जाते, शेवटच्या भागात ती स्वतःच्या पायांनी उतरते, तेही शिक्षण पुरे करून आणि आईच्या संमतीने.

माहेर कायमचे सुटणे ही कल्पना आपल्याकडील वाचकांनाही अपरिचित नाही, म्हणून आईच्या निरोपाचा तो छोटा प्रसंग भाषा न कळताही पोहोचतो. वादाचा निकाल लागलेला नाही, आणि तो लागण्याची गरजही नाही. कागोमेचे बरे व्हावे, असे दोन्ही बाजूंना मनापासून वाटत होते.

ताकाहाशी यांनी २०१३ मध्ये, २०११ च्या भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी राबवलेल्या एका उपक्रमानिमित्त या कथेचे एक छोटेसे विशेष प्रकरण रेखाटले. त्यात कागोमेचे गावातले पुढचे आयुष्य थोडेसे दिसते. चाहत्यांनी ते आनंदाने स्वीकारले, कारण दूरगावी दिलेल्या मुलीची खुशाली कळावी, तसे ते होते.

कथा पुन्हा उघडते

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘याशाहिमे’ ही पुढच्या पिढीची मालिका सुरू झाली आणि दोन पर्वांत ४८ भाग होऊन मार्च २०२२ मध्ये संपली. मुख्य पात्रांची मूळ रेखाटने ताकाहाशी यांची होती. इनुयाशा आणि कागोमे यांची मुलगी मोरोहा, तसेच इनुयाशाचा सावत्र भाऊ सेश्शोमारू याच्या जुळ्या मुली तोवा आणि सेत्सुना, या तिघी तिच्या नायिका.

जुने आवाज आणि जुने संगीत ऐकून अनेकांचे डोळे पाणावले. पण विरोधही तीव्र झाला, आणि त्याची कारणे दोन होती. पहिले असे, की इनुयाशा आणि कागोमे दीर्घकाळ कथेबाहेर अडकून पडतात आणि मोरोहा आईवडिलांवाचून वाढते. दुसरे असे, की जुळ्या मुलींची आई म्हणून रिन समोर आली. मूळ कथेत रिन ही सेश्शोमारूच्या आश्रयाला असलेली लहान मुलगी होती. वर्षे उलटल्यानंतरचे असले तरी हे नाते अनेक चाहत्यांना मान्य झाले नाही.

पहिल्या आक्षेपात २०१० च्या समाधानाचेच मर्म आहे. एका कुटुंबाचे सुख किंमत मोजून मिळाले होते, आणि नव्या कथेने ते पुन्हा हिरावून घेतले. मोजलेल्या किमतीचे मोल राहिले नाही, असे ज्यांना वाटले त्यांनी नवी मालिका बाजूला ठेवली. त्यांच्या दृष्टीने ही कथा २०१० मध्येच सुफळ संपूर्ण झाली होती. मोरोहाच्या खट्याळपणावर लुब्ध झालेले इतर चाहते मात्र तिला आईबाप भेटेपर्यंत पाहत राहिले. दहा वर्षांपूर्वी विहिरीच्या काठाशी जे थांबले होते, त्यांतलेच कित्येक जण पुन्हा वाट पाहू लागले होते.