दुखणं पायात, मूळ कमरेत

"दुखतीय मांडी, आणि तुम्ही कंबर काय तपासताय?" फिजिओथेरपिस्टला हा प्रश्न नेहमीचा. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. ठणका मांडीच्या मागे असतो, कधी खुब्याच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरतो, आणि कमरेत सांगण्यासारखं काहीच नसतं. मग मांडीला मलम लागतं, पाय चेपून घेतले जातात, गुडघ्याचा एक्स-रेही निघतो. कमरेकडे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जोनास केलग्रेन या तरुण डॉक्टरने यावर एक धाडसी प्रयोग केला. स्वतःच्या आणि स्वयंसेवकांच्या स्नायूंत, तसंच मणक्यांमधल्या अस्थिबंधांत त्याने तीव्र मिठाच्या पाण्याची इंजेक्शनं दिली आणि दुखणं कुठे जाणवतं याचे नकाशे काढले. सुई कमरेत, पण दुखणं कुल्ल्यात आणि मांडीत उतरलेलं! पायाला कुणी हात लावला नव्हता, आणि कुठली शीरही दबलेली नव्हती.

असं होतं, कारण कमरेचे सांधे, स्नायू, अस्थिबंध यांचे संदेश आणि पायाकडून येणारे संदेश मज्जारज्जूतल्या त्याच पेशींवर येऊन मिळतात. संदेश नेमका कुठून आला, हे मेंदूला ओळखता येत नाही. हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो तोही याच कारणाने. खुब्याचा सांधा झिजलेल्या माणसाला कधी कधी फक्त गुडघाच दुखतो, हेही त्यातलंच.

आपल्याकडे पाय दुखला की 'शीर दबलीय' हे निदान शेजारीच करून टाकतात. शीर खरोखर दुखावली जाते तेव्हा कळ विजेसारखी, एका अरुंद पट्ट्यातून, बहुतेकदा गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत धावते. मुंग्या येतात, बधिरपणा येतो. कमरेतून नुसतं परावर्तित झालेलं दुखणं खोल, बोथट असतं. नेमकं कुठे, असं विचारलं तर माणूस एका बोटाने जागा दाखवू शकत नाही, अख्खा तळहात फिरवतो. म्हणूनच चांगला थेरपिस्ट उताणं झोपवून सरळ पाय उचलून पाहतो, पायाच्या अंगठ्याची ताकद, स्पर्श, गुडघ्या-घोट्याचे झटके तपासतो, खुबाही फिरवून बघतो. ही तपासणी न करता थेट मशीन लावणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

एमआरआयवर फार विसंबू नये. १९९४मध्ये अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय तपासले गेले, तेव्हा मणक्यांमधल्या सगळ्या गाद्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. 'गादी सरकली' हा शब्द रिपोर्टात वाचून घाबरलेली, वाकायचं सोडलेली माणसं घरोघरी आहेत.

फोटोपेक्षा हालचाल जास्त सांगते. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे पाय दुखणारा एक पेशंट आला. त्याला पालथं झोपायला सांगून मॅकेंझी दुसऱ्या कामात गुंतले. टेबलाचा डोक्याकडचा भाग आधीच्या पेशंटसाठी उचललेला तसाच राहिला होता. कंबर मागे वाकलेल्या त्या अवस्थेत, जी त्या काळी घातक मानली जाई, माणूस काही मिनिटं पडून राहिला आणि पायातलं दुखणं गेल्याचं सांगू लागला. उरलं ते कमरेच्या मध्यात. दुखणं असं पायातून वर सरकत कमरेकडे येणं ही सुधारणेची खूण असते, हे मॅकेंझींनी पुढे अनेक पेशंटमध्ये पडताळलं.

हीच गोष्ट घरी सांगायला हवी. व्यायाम सुरू केल्यावर पोटरी मोकळी होते, मांडी मोकळी होते, पण कंबर थोडी जास्त दुखते. 'व्यायामाने वाढलं' म्हणून लोक नेमके तिथेच थांबतात. उलट, एखाद्या व्यायामाने दुखणं खाली पावलाकडे सरकू लागलं, तर तो लगेच बंद करून थेरपिस्टला सांगावं.

शेक घेतल्याने बरं वाटतं, ते खरं आहे. पण ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१६च्या सूचनांनुसार कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंड, टेन्स (त्वचेवरून विजेचे सौम्य झटके) हे मशीनचे उपचार देऊ नयेत. महिनाभर मशीनखाली झोपण्यापेक्षा माणसाला जमेल तसा चालण्याचा, कुल्ल्याच्या आणि पाठीच्या स्नायूंचा व्यायाम हळूहळू वाढवत नेणं अधिक मोलाचं. तोही प्रत्येकाचा वेगळा. मणक्यातली जागा अरुंद झालेल्या आजोबांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर बरं वाटतं. मोबाईलवर पाहून त्यांनी मागे वाकायचा व्यायाम केला तर त्रास वाढू शकतो.

काही लक्षणांत मात्र व्यायामाची वाट पाहायची नाही. लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना, दोन्ही पायांतली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती चोळू नये. रक्तवाहिनीत गुठळी असू शकते, म्हणून आधी डॉक्टरला दाखवावं. ताप, कारणाशिवाय घटणारं वजन किंवा पूर्वी झालेला कॅन्सर, यांच्या जोडीने दुखत असेल तरीही पहिली भेट डॉक्टरचीच.