'ग्रहण पाळलं होतंस ना?'

बाळाच्या हृदयात मोठा दोष निघाला की घरातून पहिला प्रश्न येतो, तो आईला. 'ग्रहण पाळलं होतंस ना गं?' टाकेसुद्धा न सुकलेली बाळंतीण मग खरोखरच आठवत बसते, त्या दिवशी आपण सुरी हातात घेतली होती का, भाजी चिरली होती का. हे ऐकून संताप येतो.

सूर्यग्रहणात चंद्र आड येतो, म्हणून ऊन कमी पोचतं. वेगळं, घातक असं काही सूर्यातून निघत नाही. आणि हृदयाची मुख्य घडण गरोदरपणाच्या पहिल्या दहा आठवड्यांतच उरकते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने ती उसवणार कशी?

हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट सिंड्रोम हा हृदयाच्या जन्मजात दोषांतला अतिशय गंभीर दोष. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या अंदाजाने सुमारे ३,८०० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. हृदयाचा डावा खालचा कप्पा इवलासा राहतो, डावीकडच्या दोन्ही झडपा अरुंद किंवा पार बंद असतात, महाधमनीची सुरुवातही बारीक. काही बाळांत कप्प्याच्या आतून कोलाजेन आणि इलॅस्टिन तंतूंचा पांढरा, जाड थर चढलेला असतो, त्याने स्नायू ताठरतो.

असं का होतं? कप्प्यातून रक्त पुरेसं वाहिलं नाही तर तो वाढत नाही, हे जुनं स्पष्टीकरण. काही बाळांत झडपेतला अडथळा वाढत जाऊन कप्पा नंतरच्या महिन्यांत खुरटतो, तिथे ते पटतं. पण २०१७मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या उंदरांवरच्या संशोधनात दोन जनुकांतले बदल एकत्र आल्यावर हा दोष दिसला आणि स्नायूपेशींची वाढच मंदावलेली आढळली. टर्नर सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांशीही त्याचा संबंध आहे. बहुतेक बाळांत मात्र एकच एक कारण सापडत नाही.

'जनुकांतलं आहे, म्हणजे सुनेच्या माहेरचं.' नाही. बदल वडिलांकडूनही येतो, कधी बाळातच नव्याने होतो.

'बाळ छान रडलं, म्हणजे हृदय ठणठणीत.' गर्भातली एक रक्तवाहिनी जन्मानंतर काही काळ उघडी असते, तिच्यावर निभावतं. ती मिटू लागली की बाळ काही तासांत ढासळतं. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन देतात.

'पुढच्यालाही होणारच.' धोका वाढतो, पण बहुतेक भावंडं निरोगी जन्मतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाचा इको करून घ्यावा.

'यावर इलाज नाही.' विल्यम नॉरवूड यांनी १९८३मध्येच यशस्वी शस्त्रक्रियेची नोंद प्रसिद्ध केली. आज ती तीन टप्प्यांत होते, अवघड असते, आणि तिच्यामुळे मुलं मोठी होतात.