पाण्याच्या पोटातला विस्तव

बंब तांब्याचा, म्हणून पाणी लवकर तापतं. हे आजीने सांगितलं होतं, शाळेत विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं, आणि गेल्या वर्षी जुन्या बाजारात एका बंबाचा भाव ऐकून मी मागे सरलो तेव्हा दुकानदारानेही तेच सांगितलं. तिघांचंही चुकलं होतं. पाणी लवकर तापतं हे खरं. पण त्याचं श्रेय तांब्याला द्यायचं काही कारण नाही.

ज्यांनी बंब नुसता हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेला पाहिलाय, त्यांच्यासाठी त्याची रचना सांगतो. बाहेरून उभा, गोल, कमरेइतका उंच डबा. त्याच्या मधोमध तळापासून वरपर्यंत आरपार गेलेलं नळकांडं. नळकांड्याच्या बुडाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, बाजूला तोटी, उचलायला दोन कड्या. बाहेरचा डबा आणि आतलं नळकांडं यांच्या मधल्या जागेत पाणी. विस्तव नळकांड्यात. वरच्या तोंडातून करवंट्या, चिपाडं, गोवरीचे तुकडे, वखारीतल्या ढलप्या, हाताला येईल ते टाकायचं. धूरही त्याच तोंडातून बाहेर पडायचा, त्यामुळे सरपण टाकताना मान तिरकी करावी लागे. घरातल्या प्रत्येकाची मान तिरकी करण्याची तऱ्हा वेगळी होती.

शब्द बहुधा पोर्तुगिजांकडून आला. त्यांचा ‘बॉम्बा’ म्हणजे पाण्याचा पंप. आग विझवायला धावतो तोही आपल्याकडे बंबच. एक आगीवर पाणी मारतो, दुसरा आगीला पाण्यात कोंडून ठेवतो.

आता तांब्याचं. तांबं उष्णतेचं उत्तम वाहक आहे यात वाद नाही. स्टेनलेस स्टीलपेक्षा ते साधारण पंचवीस पट चांगलं. पण विस्तवातली उष्णता पाण्यात पोचायची तर तिला तीन मुलुख ओलांडावे लागतात: आधी जाळाजवळची हवा, मग धातूचा पत्रा, मग पाणी. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. खरी अडवणूक करते ती पत्र्याला चिकटून बसलेली वायूची पातळ साय. वायूचे रेणू एकमेकांपासून दूर दूर असतात, हातातली उष्णता शेजाऱ्याला द्यायला त्यांना शेजारीच सापडत नाही. म्हणून हवा पाण्याच्याही वीस-पंचवीस पट मंद वाहक. गणित मांडलं तर स्टीलच्या मिलिमीटरभर पत्र्याचा अडथळा या वायूच्या सायीच्या अडथळ्यापुढे शेकड्यात एकसुद्धा भरत नाही. म्हणजे पत्रा तांब्याचा असो की स्टीलचा, पाण्याला फरक कळणार नाही. घाटावर उतरायला तासभर लागत असेल, तर शेवटची पायरी संगमरवरी आहे की दगडी, याला काय महत्त्व?

मग बंबाची करामत कशात? त्या नळकांड्यात. चुलीवर हंडा ठेवला की जाळाला हंड्याचं फक्त बूड मिळतं. हंड्याचं बूड चाळीस सेंटिमीटर रुंद धरलं तर क्षेत्रफळ चौरस मीटरचा आठवा हिस्सा. पंधरा सेंटिमीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर उंच नळकांड्याचा आतला पृष्ठभाग त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय चुलीतल्या निखाऱ्याची झळ चहूकडे सांडते, आपल्या पायांना लागते, भिंतीला लागते. बंबात निखारा कुठल्याही बाजूला झळ फेको, समोर पाणीच. वायूच्या सायीला फोडता येत नसेल तर तिच्यासमोर दारं वाढवा, हा तो हिशेब.

हीच युक्ती रशियाच्या तुला शहरात समोवार बनवणाऱ्यांनी वापरली आणि काश्मिरी समोवारातही तीच आहे. पण मला बंबाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक वाटतो तो जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन या बापलेकांचा ‘रॉकेट’. १८२९ साली रेनहिलच्या शर्यतीत जिंकलेल्या या रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमधून तांब्याच्या पंचवीस नळ्या आरपार गेल्या होत्या. नळ्यांतून जाळ, नळ्यांभोवती पाणी. त्याआधी बॉयलरला एखाददुसरी जाडजूड नळी असे. आपला बंब म्हणजे एका नळीचं रॉकेट, फक्त बिनचाकाचं आणि सैल झाकणाचं. पाणी भरायच्या तोंडावरचं हे सैल झाकण महत्त्वाचं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. बंबात तिला वाट मोकळी असते, म्हणून घरात बॉयलर ठेवूनही कोणाला परवाना काढावा लागला नाही.

नळकांड्याचं दुसरं काम ओढ देण्याचं. वायू तापला की फुगतो. दाब तोच राहिला तर घनफळ निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतं. फ्रान्सच्या जाक शार्लने हे ताडलं, आणि १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने ते प्रसिद्ध करताना श्रेय शार्लला दिलं. शार्ल हा फुग्यांतला माणूस, १७८३ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यात बसून स्वतः वर गेलेला. त्याच्या नियमाने पाहा: बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस म्हणजे ३०० केल्विन, आणि नळकांड्यातली ३२७ अंश म्हणजे ६०० केल्विन. आतली हवा बरोबर निम्म्या वजनाची. ती वर निघते आणि तिच्या जागी खालून जाळीतून ताजी हवा घुसते. मीटरभर उंचीच्या धुराड्यात ही ओढ किती? सहा पास्कलांच्या आसपास. पाण्याच्या अर्धा-पाऊण मिलिमीटर थराचा दाब! एवढ्याशा ओढीवर बंब भकभकतो. राख साचून जाळी बुजली की ती ओढही जाते, मग फुंकणी घेऊन बसा.

यातच बंबाचा एक दोष लपलाय. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून ७० वर न्यायला सुमारे ८४ लाख ज्यूल लागतात. एक किलो कोरड्या लाकडात याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते. म्हणजे अर्धा किलो लाकडात काम व्हायला हवं. ते कधीच होत नाही, कारण धूर गरम असतानाच बाहेर पडतो. पण धुरातली सगळी उष्णता काढून घेतली तर धूर जड होईल, ओढ थांबेल आणि विस्तव विझेल. जी उष्णता वाया जाते तीच बंबाचा भाता ओढते.

पाण्याच्या बाजूला वेगळाच खेळ. नळकांड्याला लागलेलं पाणी तापतं, हलकं होतं, वर सरकतं, आणि थंड पाणी त्याची जागा घेतं. रम्फर्ड या शास्त्रज्ञाने हे १७९० च्या दशकात पाहिलं. खिडकीत निवायला ठेवलेल्या मोठ्या तापमापकातल्या मद्यार्कात धुळीचे कण होते. ते कडेने खाली आणि मधून वर फिरताना त्याला दिसले. त्यावरून द्रव उष्णता वाहूनच नेत नाहीत, नुसते फिरवतात, असं त्याने ठोकून दिलं, ते मात्र जास्त झालं. बंबात जाळीच्या खालचं पाणी या फेऱ्यात येत नाही, ते थंडच राहतं. तोटी नेमकी खाली! म्हणून आमच्याकडे पहिले दोन तांबे काढून परत वर ओतायची रीत होती. काही बंबांत कारागिरांनी यावर तोड काढली: नरसाळ्यातून गार पाणी ओतायचं, ते नळीने थेट तळाला जातं, आणि वरचं कढत पाणी चोचीतून बादलीत पडतं. एक बादली द्या, एक बादली घ्या. आज गच्चीवर दिसणाऱ्या सोलर हीटरची टाकी पट्ट्यांच्या वरच्या अंगाला असते, त्याचं कारणही हेच फिरणं.

दिवाळीच्या आधी बंब चिंचेने घासण्याचं काम माझ्याकडे असे आणि मला ते शुद्ध छळवाद वाटे. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा ऑक्साइड विरघळवतं, एवढं कळायला पुढे बरीच वर्षं गेली. पण चकाकीचा फायदा काय? जॉन लेस्लीने १८०४ मध्ये गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या घनाकृती डब्याच्या चार बाजू वेगवेगळ्या केल्या. काळी बाजू भरपूर उष्णता बाहेर टाकत होती, चकचकीत बाजू अगदी थोडी. ७० अंशांवरचा काळा पृष्ठभाग २० अंशांच्या खोलीत दर चौरस मीटरला साडेतीनशे वॅटहून अधिक झळ फेकतो, घासलेलं तांबं त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकी. हवेला जाते ती उष्णता जातेच. पण लख्ख बंबातलं पाणी शेवटच्या आंघोळीपर्यंत कढत राहतं यात माझ्या कोपराचाही वाटा होता.

मग तांबं कशासाठी? ठोकता येतं म्हणून. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची वस्ती झाली. त्यांच्या हातोडीच्या एकसारख्या खुणांना मठार म्हणतात. ठोकून तांबं कडक होतं, लाल तापवलं की पुन्हा मऊ, आणि असं कितीदाही करता येतं. गंजून सडत नाही, सांधा सुटला तर झाळता येतो, आणि शेवटी मोडीतही चांगला भाव येतो. ओल्या न्हाणीत तीन पिढ्या टिकायचं तर हे गुण वाहकतेपेक्षा कितीतरी मोलाचे. लोखंडी पत्र्याचे बंबही पाणी तितकंच तापवत, फक्त लवकर मरत.

माळ्यावर बंब असेल तर मोडीत घालण्याआधी एकदा पेटवून पाहा. मोकळ्या अंगणात, बंद न्हाणीघरात नव्हे. अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो माणूस मारतो. नळकांड्यातली काजळी आधी खरवडून काढा. आणि पाणी भरल्याशिवाय काडी ओढू नका. पाणी आहे तोवर पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. कोरड्या बंबात कथिल-शिशाची झाळ दोनशे अंशांच्या आतच वितळू लागते, आणि तो सांधा नीट झाळून देणारा माणूस शोधायला मला दीड महिना लागला.