आगीपेक्षा धाक मोठा

ब्रिटनमध्ये 'पोकेमॉन'चे व्हिडिओ गेम ऑक्टोबर १९९९ मध्ये आले. तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याची चर्चा करणारी आपली मुलं आज स्वतः आईबाबा झाली आहेत, आणि त्यांची मुलं तोच खेळ खेळताहेत. आजी-आजोबांना मात्र अजून वाटतं, की हा नुसता बटणं बडवायचा प्रकार! तसं नाही, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

खेळाचा पाया सोपा. आग गवताला जाळते, पाणी आगीला विझवतं, गवत पाण्याला पुरून उरतं. पहिल्या गेममध्ये आगीचा चारमँडर निवडणाऱ्यांची सुरुवातीलाच पंचाईत होई. पहिल्या आखाड्याचा वस्ताद दगडवाला, दुसऱ्याची पाणीवाली. दोघांपुढे आग फिकी. तरी मुलं तोच घेत, कारण मोठा झाल्यावर तो ज्वाळा ओकणारा, पंखवाला चारिझार्ड होतो.

स्पर्धेत मात्र नुसत्या ज्वाळांनी भागत नाही. तिथे सहा प्राण्यांचा संघ न्यायचा, प्रत्येक डावाला त्यातले चार निवडायचे आणि मैदानात एका वेळी दोन उतरवायचे. दोन्ही खेळाडू आपली चाल एकाच वेळी, गुपचूप ठरवतात. अशा डावात नाव कमावलं ते इन्सिनरोरने. २०१६ च्या 'सन' आणि 'मून' या गेममधला, कमरेला ज्वाळांचा पट्टा बांधलेला हा पहिलवान वाघोबा.

त्याचं खरं बळ आगीत नाही, धाकात आहे. 'इंटिमिडेट' या गुणामुळे तो मैदानात उतरताच समोरच्या दोघांची मारण्याची ताकद एक तृतीयांशाने घटते. १५० असेल तर १०० होते. उतरल्यावरच्या पहिल्याच चालीत 'फेक आऊट'ची चापट मारून तो एकाची पाळी फुकट घालवतो. मग 'पार्टिंग शॉट' टाकून शत्रूला आणखी कमजोर करतो आणि आपली जागा सोबत्याला देऊन बाहेर पडतो. तो संथ आहे, पण तेही पथ्यावर पडतं: शत्रूचे घाव आधी त्याच्यावर पडतात आणि सोबती ताजातवाना उतरतो. पुढे वाघोबा परत आला, की धाक आणि चापट पुन्हा नव्याने! कबड्डीत चढाई करून सुखरूप परतणाऱ्या गड्याचं मोल आपल्याला ठाऊक आहेच.

अर्थात यालाही उतारे आहेत. भुताच्या जातीवर ती चापट चालत नाही. 'डिफायंट' गुणाचा किंगॅम्बिट धाक दाखवल्यावर उलट चवताळतो आणि त्याची ताकद वाढते. पाणी, दगड, जमीन आणि मल्ल जातीचे वार वाघोबाला जड जातात. म्हणून त्याला कधी उतरवायचं आणि कधी मागे घ्यायचं, यातच खेळाडूची परीक्षा.

ऑगस्ट २०२२ मध्ये या खेळाची जागतिक स्पर्धा लंडनच्या एक्सेल केंद्रात भरली, ब्रिटनमध्ये प्रथमच. व्हिडिओ गेमच्या मोठ्या गटात पोर्तुगालचा एदुआर्दो कुन्या जिंकला. लहानांसाठी वेगळे वयोगट असतात, तेव्हा आपल्या घरच्या खेळाडूंनाही संधी आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी नातवंडाला "पुरे झालं ते!" म्हणण्याआधी शेजारी बसून विचारा, "वाघाला आत्ता मागे का घेतलंस रे?" उत्तर मराठीत मागा. धाक, डाव, माघार, उतारा हे शब्द पाठ करून येत नाहीत. ते असे खेळता खेळताच तोंडी बसतात.